पाचवे कारण

अंधेरीहून साकीनाक्याच्या वाटेने घाटकोपरला जाताना तासभर रखडणारी, सिग्नलागणिक थांबणारी, वैशाखाच्या उन्हात दोन बसगाड्यांच्या मध्ये अडकून उभी राहणारी मोटार तापत नाही. आणि तीच मोटार वाशीची खाडी ओलांडून कळंबोलीपाशी द्रुतगती मार्गाला लागली, मोकळा वारा घेत ताशी नव्वद किलोमीटरांच्या वेगाने पंधरावीस मिनिटे धावली, की खालापूरचा टोलनाका येण्यापूर्वीच तिच्या तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकू लागतो. हा प्रकार ज्यांनी अनुभवला आहे त्यांना तो प्रथमदर्शनी न्यायविरुद्ध वाटतो. जिथे वारा जवळजवळ नाही तिथे गाडी शांत, आणि जिथे वाऱ्याचा लोट अंगावर घेत ती धावते तिथेच तिच्या पोटात वणवा पेटावा, याची संगती सामान्य बुद्धीला लागत नाही. आणि ज्याची संगती लागत नाही ते एखाद्या अदृश्य सत्तेच्या खाती जमा करून मोकळे होणे ही माणसाची जुनी वहिवाट आहे. दसऱ्याला गाडीची पूजा करावयाची राहिली होती, निघताना कोणी मागून हाक मारली होती, नव्या गाडीला कोणाची तरी नजर लागली, किंवा काहीच नाही तर ‘आमचं नशीबच तसं’, असे उद्गार रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या कुटुंबांत निघतात. बोलणारी माणसे अडाणी नसतात. मुलुंड-बोरिवलीच्या सोसायट्यांत राहणारी, शिकलीसवरलेली, आपापल्या नोकरी-व्यवसायात कार्यकारणांचा हिशेब चोख ठेवणारी असतात.

प्रश्न असा की, या उद्गारांना आपल्या धर्मशास्त्राची आणि दर्शनांची संमती आहे काय? पुष्कळ सुधारक मंडळी ती आहे असे गृहीत धरतात, आणि म्हणून असल्या समजुतींवर प्रहार करावयाचा तर तो परंपरेवरच केला पाहिजे असे मानतात. श्रद्धाळू मंडळीही नेमके तेच गृहीत धरून परंपरेच्या रक्षणासाठी त्या समजुतींचे समर्थन करीत राहतात. माझ्या मते दोन्ही पक्ष एकाच खोट्या दाखल्यावर दावा लढवीत आहेत. मूळ दस्तऐवज उघडून पाहिला तर त्यात वेगळेच लिहिलेले आढळते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. या यादीत दैवाला जागा आहे, आणि ती पुसून टाकण्याची माझी इच्छा नाही. मनुष्याच्या हाती सर्व काही असते असे म्हणणारा मनुष्य पुरेसा जगलेला नसतो. परंतु दैव तेथे पाचवे आहे. गणनेचा क्रम हाच तपासाचाही क्रम समजावा असे भाष्यकारांनी सांगितले आहे असा माझा दावा नाही. तथापि पहिली चार कारणे न पाहताच जो पाचव्यावर उडी घेतो त्याने गीतेचा आधार सांगू नये, एवढे तर निश्चित. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य यांसाठी एक स्वतंत्र प्रकरणच खर्ची घातले, ते दैवाच्या नावाखाली चाललेल्या याच आळसाचा बंदोबस्त व्हावा म्हणून, असे मला ते वाचताना नेहमी वाटत आले आहे.

वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचा दंडक तर याहून कडक आहे. दृष्ट, म्हणजे दिसणारे, प्रयोजन किंवा कारण संभवत असता अदृष्टाची कल्पना करणे त्यांनी अन्याय्य ठरविले, आणि हा दंडक त्यांनी बाजारातल्या व्यवहाराला लावला असे नव्हे, तर ज्याचे अंतिम फळच अदृष्ट मानले गेले त्या यज्ञाला लावला. पुरोडाशासाठी, म्हणजे यज्ञात अर्पावयाच्या पोळीसाठी, व्रीही (भात) कांडावे असा विधी आहे. हे कांडणे कशासाठी, असा प्रश्न उपस्थित करून मीमांसकांनी उत्तर दिले की तूस निघावे म्हणून. आणि ज्या अर्थी तूस निघावे म्हणून, त्या अर्थी ते निघेपर्यंत कांडत राहावे, मुसळाचा एक घाव घालून पुण्य पदरात पडले असे मानू नये. नखांनी न सोलता कांडूनच तूस काढावे, या नियमापुरते अदृष्ट त्यांनी मान्य केले. त्यापलीकडे तसूभरही नाही. ज्या परंपरेने वेदीजवळच्या उखळातही दृष्टाला पहिला मान दिला, तिच्या नावावर रेडिएटरच्या बाबतीत मात्र अदृष्टाला पहिला मान द्यावा, ही गोष्ट मला धर्माच्या दृष्टीनेच अनुचित वाटते.

तेव्हा तूस कोठे आहे ते पाहू. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी स्थूलमानाने एक तृतीयांश धुरावाटे बाहेर पडते, जवळजवळ तेवढीच थंड करणाऱ्या पाण्याच्या स्वाधीन होते, आणि उरलेल्यातून चाके फिरतात. हे पाणी पंपाच्या जोराने इंजिनाच्या पोकळ्यांतून फिरते. सुमारे ८२ ते ८८ अंशांना थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह उघडला की वरच्या नळीने रेडिएटरमध्ये येते, तेथील बारीक नळ्यांतून उतरताना आपला ताप वाऱ्याला देते, आणि खालच्या नळीने पुन्हा पंपाकडे परत जाते. झाकणाची स्प्रिंग आतला दाब राखून ठेवते, त्यामुळे शंभराऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत ते उकळत नाही. आता गाडी साकीनाक्याला उभी असताना वारा पुरविण्याचे काम पंख्याचे असते, आणि ती महामार्गावर धावू लागली की ते काम वेग स्वतःच करतो, पंख्याची गरज उरत नाही. म्हणून जी गाडी सिग्नलला शांत राहते आणि वेगात तापते, तिच्या बाबतीत पंख्यावरचा आरोप टिकत नाही. पंख्याचे काम आहे तेथे ताप नाही आणि पंख्याचे कामच नाही तेथे ताप आहे, हा न्यायशास्त्रज्ञ नैयायिकांच्या भाषेत व्यभिचार, म्हणजे नियमभंग, होय. आणि तरीही गॅरेजांत पहिली तजवीज बहुधा ‘फॅन डायरेक्ट करा’ हीच होते, म्हणजे पंख्याची तार सरळ चावीच्या प्रवाहाला जोडून तो अखंड फिरत ठेवावयाचा. साक्षीदाराने ज्याचे नाव घेतले नाही त्यालाच कोठडीत टाकण्याचा हा प्रकार आहे.

वेग हेच तापाचे कारण म्हणावे, तर तेही निभत नाही. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला तोडण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ताशी ५० वरून १०० वर गेले की नुसत्या वाऱ्याशी झुंजण्यासाठी आठपट शक्ती खर्चावी लागते, आणि ताप त्या मानाने वाढतोच. पण शेजारून त्याच वेगाने जाणाऱ्या शेकडो गाड्या निर्धास्त असतात. जिथे वेग तिथे इंजिन तापून उकळणे, ही व्याप्ती म्हणून सोपाधिक, म्हणजे आणखी एखाद्या अटीवर अवलंबून, आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात, ज्याची आठल्ये-बोडसांनी सिद्ध केलेली आवृत्ती १८९७ मध्ये मुंबईच्याच संस्कृत ग्रंथमालेत निघाली, उपाधीचे उदाहरण दिले आहे ते सर्वांना ठाऊक असलेले: धुरावरून अग्नी अनुमानावा, पण अग्नीवरून धूर अनुमानू नये, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो, धूर हवा तर ओल्या इंधनाचा संयोग हवा. मिस्त्रीचे सारे कौशल्य हे ओले इंधन शोधण्यात आहे. वेग सर्वांकडे आहे; या एका गाडीपाशी त्याच्या जोडीला आणखी काय आहे?

उपनगरांत या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा सोसायटीच्या बोअरच्या पाण्यात सापडते. पहाटे गाड्या पुसणारा मनुष्य रेडिएटरच्या बाटलीत पाणी कमी दिसले की हाताशी असलेल्या नळाचे पाणी ओततो. त्यात त्याचा काही दोष नाही, त्याला कोणी दुसरे सांगितलेले नसते. बोअरचे पाणी जड असते, त्यातील क्षार तापाने वेगळे होऊन नळ्यांच्या आतल्या बाजूला थर धरतात, कूलंटमधील गंजप्रतिबंधक द्रव्य पातळ होते, गंज सुटतो, आणि कालांतराने रेडिएटरच्या बऱ्याचशा नळ्या बंद पडतात. उरलेल्या नळ्या अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या चालीला पुरतात, महामार्गाच्या मागणीला पुरत नाहीत. दुसरे ठिकाण बंपरखालचे. तेथील प्लास्टिकचे आवरण वारा उचलून रेडिएटरच्या जाळीकडे वळविण्यासाठी लावलेले असते. अंधेरीच्या भुयारी मार्गात पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढताना किंवा खड्ड्यात आपटून ते तुटते, आणि शोभेची वस्तू समजून पुन्हा बसविले जात नाही. मग वेगात वारा जाळीतून न जाता खालून निघून जातो. ए.सी.च्या कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत साठलेला चिखल व कचरा, झाकणाची मेलेली स्प्रिंग, झिजलेल्या पात्यांचा पंप, चाकाला चिकटून राहणारा ब्रेक हीही ठिकाणे आहेतच. आणि थंड इंजिन सुरू करताच वरची नळी दगडासारखी कडक होत असेल, बाटलीत बुडबुडे उठत असतील, तर हेड गॅस्केट गेले असे समजून तातडीने गाडी उघडावी.

या सर्वांत मला सर्वाधिक विचारप्रवृत्त करणारी वस्तू म्हणजे रेडिएटरची खालची नळी. ती पंपाच्या शोषणाच्या बाजूला असते. रबर जुने होऊन नरम पडले, किंवा तिच्या आत बसविलेली स्प्रिंग गंजून गेली, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढताच पंपाच्या ओढीने तिच्या भिंती आत खेचल्या जातात, नळी चपटी होते, आणि पाण्याचा मार्ग बंद होतो. चालक घाबरून गाडी बाजूला घेतो, फेरे कमी होतात, ओढ संपते, नळी पुन्हा गोल होते. बॉनेट उघडणाऱ्याला निर्दोष नळी दिसते. पाहण्याची कृतीच पुरावा नाहीसा करते. घाटकोपरच्या एका गल्लीत म्हाताऱ्या मिस्त्रीला या नळीची परीक्षा करताना मी पाहिले आहे. त्यांनी गाडी उभी असतानाच हाताखालच्या पोराला ॲक्सिलरेटर दाबून धरावयास सांगितले. काटा तीन हजार फेऱ्यांवर स्थिर झाला. मिस्त्री पंख्यापासून हात सांभाळीत वाकून बसले आणि बॅटरीचा झोत खाली सोडून काही न बोलता पाहत राहिले. बराच वेळ काहीच घडले नाही. मग नळी मध्यभागी जराशी बसली, अंगठ्याने दाबल्यासारखी. ‘बघा, श्वास कोंडतोय,’ एवढेच ते म्हणाले, आणि पोराला पाय सोडण्याची खूण केली. नळी तत्काळ गोल झाली.

प्रत्यक्ष हे श्रेष्ठ प्रमाण खरे, पण कोणत्या अवस्थेतले प्रत्यक्ष, हे ठरविल्यावाचून त्याची मातब्बरी नाही. चरकाने ज्याची लक्षणे दडलेली आहेत अशा व्याधीची परीक्षा उपशय आणि अनुपशय यांनी करावी असे सांगून ठेवले, म्हणजे काय दिल्याने बरे वाटते आणि काय दिल्याने बिघडते ते पाहून. वाटेत काटा चढू लागला की ए.सी. बंद करून हीटर पूर्ण उघडण्याचा जो उपाय जाणते चालक करतात तो याच जातीचा आहे. हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो. त्यातून कढत हवा येऊन काटा उतरला तर पाणी खेळते आहे पण रेडिएटर अपुरा पडतो असे समजावे, आणि काटा चढलेला असताना हीटरमधून थंड हवा आली तर पाणीच कमी झाले आहे किंवा पंप ते फिरवीत नाही अशी खूणगाठ बांधावी. पहिल्या स्थितीत वेग कमी करून सुरक्षित जागी पोचता येते, दुसऱ्या स्थितीत इंजिन तत्काळ बंद केले पाहिजे. आणि दोन्ही स्थितींत गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालचे पाणी झाकण सैल होताच उसळून तोंडा-हातांवर येते. हे वाक्य निबंधाच्या ओघात बसत नसले तरी ते मी मुद्दाम येथे लिहीत आहे.

आता एक जुना वाद. अग्नी जाळतो, पण विशिष्ट मणी जवळ आणला तर जाळीत नाही, असे उदाहरण घेऊन मीमांसक म्हणत की अग्नीत दाहक शक्ती नावाचा एक स्वतंत्र, अतींद्रिय पदार्थ आहे आणि मण्यामुळे तो नष्ट होतो. नैयायिक म्हणत की असा वेगळा पदार्थ मानण्याचे कारण नाही. प्रतिबंधकाचा अभाव हेही कारणसामग्रीतले एक कारण आहे, मणी आला की तो अभाव राहिला नाही, म्हणून दाह झाला नाही. उखळाच्या बाबतीत मी मीमांसकांच्या बाजूने उभा राहिलो. येथे मी निःसंशय नैयायिकांच्या बाजूचा आहे. ‘गाडी आता थकली’, ‘इंजिनात दम राहिला नाही’ ही भाषा शक्तिवाद्यांची आहे. शक्ती गेली म्हटले की तपास संपतो, कारण अतींद्रिय वस्तू कोठे शोधणार? पण प्रतिबंधक आहे म्हटले की तो कोठेतरी असलाच पाहिजे, त्याला स्थळ असले पाहिजे, त्याला बोट लावता आले पाहिजे. कल्याणकारी सिद्धांत कोणता हे ठरविताना तो मनुष्याला उठून पाहावयास लावतो की बसून सुस्कारे टाकावयास लावतो, हा निकष लावणे मला गैर वाटत नाही.

याच दृष्टीने ‘थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह काढूनच टाकू’ ही रूढ शिफारस पाहावी. व्हॉल्व्ह अर्धवट उघडत असेल तर तो खरोखरच प्रतिबंधक आहे आणि बदलला पाहिजे. उकळत्या पाण्याच्या भांड्यात टाकून तो पूर्ण उघडतो की नाही याची शहानिशा दहा मिनिटांत होते. परंतु शहानिशा न करता तो कायमचा काढून टाकला, तर इंजिन आपल्या योग्य उष्णतेला वेळेवर पोचत नाही, झीज व इंधन दोन्ही वाढतात, आणि काही इंजिनांत तर पाणी आडमार्गाने फिरून रेडिएटरला टाळते व वेगातला ताप अधिकच होतो. लक्षण दडपले, कारण तसेच राहिले.

वैशेषिक दर्शनाचा प्रणेता कणाद याच्यावरून येथे एक आक्षेप येईल, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. वैशेषिक सूत्रांत सुईची लोहचुंबकाकडे होणारी गती, ज्वालेचे वर जाणे, वायूचे आडवे वाहणे, यांचे कारण अदृष्ट सांगितले आहे. आज ही तिन्ही रहस्ये गॅरेजातल्या पोराच्या रोजच्या वापरातली आहेत; तापलेले हलके होऊन वर चढते या एका गोष्टीवर तर आरंभीच्या काळातील कित्येक मोटारींचे पाणी पंपावाचून फिरत असे. मग अदृष्ट हे अज्ञानाचेच दुसरे नाव ठरले काय? मला तसे वाटत नाही. कणादाने सुईच्या प्रत्येक हालचालीला अदृष्ट लावले नाही. हाताच्या प्रयत्नाने, धक्क्याने, गुरुत्वाने होणाऱ्या गती त्याने आधी वेगळ्या काढल्या, आणि दृष्ट कारण जेथे संपले तेथेच तो शब्द वापरला. सरहद्द पुढे सरकली म्हणून ती आखणाऱ्याचा प्रामाणिकपणा उणा होत नाही. आपण मात्र ती सरहद्द आपल्या दारात आणून ठेवतो, पाऊल उचलण्यापूर्वीच.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खंडाळ्याचा घाट चढताना शिंग्रोबाचे देऊळ लागते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पद्मिनी गाड्यांच्या काळात या घाटात बॉनेट उघडी टाकून इंजिन निवण्याची वाट पाहत बसलेली कुटुंबे हे नेहमीचे दृश्य होते. तो ताप मात्र सपाटीवरच्या वेगाच्या तापाहून भिन्न जातीचा, कमी वारा आणि अधिक ओझे यांतून आलेला. चालक आजही शिंग्रोबापुढे नाणे टाकून पुढे जातात. आख्यायिका अशी की, इंग्रज इंजिनिअरांना घाटातून वाट सापडेना तेव्हा शिंग्रोबा या धनगराने ती दाखविली, आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितल्यावर त्याला गोळी घालण्यात आली. कथेच्या ऐतिहासिकतेचा निवाडा येथे करावयाचा नाही. मला तिच्यातले एवढेच मोलाचे वाटते की, या घाटाच्या लोकांनी देवपदाला चढविला तो मनुष्य कोणी चमत्कारी सिद्ध नव्हता. मेंढरांच्या मागे हिंडून त्या डोंगराची प्रत्येक सोंड, प्रत्येक ओहोळ पायांनी ओळखलेला, ज्याचे ज्ञान केवळ दृष्टाचे होते असा होता. त्याच्यापुढे हात जोडणाऱ्याने निघण्यापूर्वी खालची नळी दाबून पाहिलेली असणे, ही त्या नमस्काराशी सुसंगत अशी गोष्ट आहे. दसऱ्याला गाडी धुऊन तिला झेंडूचा हार घालावा, जरूर घालावा. ज्या यंत्राच्या भरवशावर लेकरेबाळे घेऊन आपण डोंगर उतरतो त्याच्याविषयी वर्षातून एक दिवस कृतज्ञता वाटणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण आहे. हार बॉनेटवर ठेवावा, दाट हाराने जाळी झाकून महामार्गाला निघू नये, आणि धुण्यासाठी पाण्याचा पाइप हाती आहेच तर जाळीतला चिखलही त्याच वेळी काढावा.

आणि दैव? समजा, रेडिएटर साफ आहे, नळ्या नव्या आहेत, पंप, व्हॉल्व्ह, झाकण, सर्वांची खातरजमा झालेली आहे. आणि खालापूर ओलांडल्यावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला एक खडा बंपरच्या फटीतून आत शिरून रेडिएटरची एक नळी फोडतो. त्या क्षणी, त्या कोनातून, त्या खड्याने यावे याचे कारण ना अधिष्ठानात आहे, ना कर्त्यात, ना करणांत, ना चेष्टेत. त्याला मी पाचवे कारण म्हणेन, आणि म्हणताना मला संकोच वाटणार नाही. पण पाणी गळू लागल्यापासून काटा लाल रेषेला पोचेपर्यंत काही मिनिटे जातात. त्या मिनिटांत ज्याची नजर काट्याकडे गेली त्याने गाडी डाव्या कडेला घेऊन इंजिन बंद केले, तर नुकसान एका रेडिएटरचे. ज्याने पाहिलेच नाही, किंवा पाहूनही ‘लोणावळ्यापर्यंत नेऊ कशीतरी’ म्हणून दामटली, त्याचे गॅस्केट जळते, हेड वाकते, आणि इंजिन उघडावे लागते. दैवाकडे हिशेब मागावयाचा तर तो त्या खड्यापुरता आणि फुटलेल्या नळीपुरता मागावा. वाकलेल्या हेडचा खर्च कर्त्याच्या नावे लिहावा लागेल.